मदत हवी आहे: टर्बो ३५० (जीएमचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सचं तेल गळणं थांबतच नाहीये

जुनीनोव्हा:
मंडळी, पार वैतागलोय. पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या थाळ्याचं) गॅस्केट दोनदा बदललं, आधी कॉर्कचं मग रबराचं, बोल्ट पण जोर लावून आवळले, तरी खाली लाल डबकं आहेच. आता एक मेकॅनिक म्हणतो पुढचं पंप सील गेलंय, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. खरंच उतरवावा लागेल का? प्लीज लवकर सांगा, रविवारी गाडी स्टँडवर घेतोय.

तेलकट_बाही:
गाडी कुठली, कुठल्या सालची? डबकं बेलहाउसिंगखाली (इंजिनला जोडलेल्या पुढच्या आवरणाखाली), मधे की मागे? चालवून आणल्यावर गळते की उभी असताना? एवढं तरी लिहा हो.

गिअरवेडा:
सील फुगवणारं ॲडिटिव्ह टाका, विषय संपला. माझ्या गाडीची गळती दोन वर्षं बंद आहे.

तेलकट_बाही:
@गिअरवेडा, कुठून गळतंय तेच माहीत नाही आणि औषध आधीच? गॅस्केट दबलं असेल, नाहीतर ओ-रिंग (गोल रबरी कडी) तुटली असेल, तर ॲडिटिव्ह काय करणार? आणि रबर जास्त फुगलं की मऊ पडतं.

गिअरवेडा:
माझा अनुभव सांगितला, पटलं तर घ्या. गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा बाटली ओतणं सोपं.

जुनीनोव्हा:
१९७२ ची शेवरोले नोव्हा, सांगायचं राहिलं. डबकं मधोमध, डावीकडे जरा जास्त. बेलहाउसिंग कोरडं आहे.

व्हॅक्यूम_नळी:
मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा गिअरबॉक्सवरचा छोटा डबा) बघितला का? त्याची व्हॅक्यूमची नळी काढा, आत लाल तेल दिसलं तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय. इंजिन ते तेल ओढून जाळतं, पांढरा धूर येतो, लेव्हल कमी होते आणि जमिनीवर थेंब नाही. माझे सहा महिने यातच गेले.

तेलकट_बाही:
अहो त्यांच्याकडे जमिनीवर डबकं आहे, आणि मॉड्युलेटर उजव्या बाजूला असतो. बेलहाउसिंग कोरडं म्हणजे पंप सीलवर लगेच जाऊ नका. गाडी रोज चालते का?

जुनीनोव्हा:
नाही, महिन्यातून एकदा. चालवून आणली की दोन-तीन दिवस थेंब पण नसतो, मग हळूहळू डबकं.

तेलकट_बाही:
हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं! गाडी उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाने भरलेल्या जोडणीतलं) तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, लेव्हल पॅनच्या कडेच्या वर चढते आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, डिपस्टिकच्या (तेल मोजायच्या पट्टीच्या) नळीची ओ-रिंग अशा एरवी कोरड्या जागा तेलात बुडतात. शाफ्ट डावीकडेच असतो. सुरू करायच्या आधी डिपस्टिक बघा, फुल मार्कच्या बरीच वर दिसेल. ती लेव्हल खरी धरून तेल काढू नका, खरी लेव्हल गरम इंजिन आयडलवर, पार्कमध्ये. सगळं डिग्रीझरने धुवा, वाळवा, टाल्कम पावडर मारा आणि गाडी उभी ठेवा, ओली रेघ कुठून निघते ते दिसेल.

रंगकाम७०:
थोडं विषयाबाहेरचं, नोव्हाच्या मागच्या काचेचं रबर कुठलं बसतं कोणी सांगेल का? माझं आक्रसलंय.

जुनीनोव्हा:
पावडर मारली होती, पाच दिवसांनी बघितलं. लिव्हरच्या शाफ्टभोवती ओलं कडं आणि तिथून पॅनवर ओघळ. पॅनची कड पण बोल्टपाशी वाकलीये.

तेलकट_बाही:
मग गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. पॅन काढा, आतल्या लिव्हरचा नट सोडून शाफ्ट बाहेर घ्या आणि सील नवीन बसवा. शाफ्टवर ओरखडा असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर नवीन सील पण फाटेल. पॅनची वाकलेली भोकं लाकडावर ठेवून हातोडीने सपाट करा, ती वाकलीत तुमच्या आवळण्यानेच. बोल्ट आवळायला १२ फूट-पाउंड टॉर्क पुरे.

गिअरवेडा:
मी अजूनही म्हणतो, आधी ॲडिटिव्ह टाकून बघा.

जुनीनोव्हा:
नाही, सील मागवतोय. तेलकट_बाही, डिपस्टिक नळीची ओ-रिंग पण सोबतच बदलू का?

तेलकट_बाही:
हो, पॅन उघडलाच आहे तर बदला.