टाच, गादी आणि नोंदवही
बी-३०२ : नमस्कार. सासूबाईंच्या उजव्या टाचेवर कालपासून लाली आहे. वर्गणीतून घेतलेली हवेची गादी गणपतीपासून सी-२०१ यांच्याकडे असून, ती नुसती पडून असल्याचे समजते. कृपया आजच द्यावी.

सी-२०१ : बाबा त्याच गादीवर आहेत. जिन्यात विचारले असते, तरी सांगितले असते.

ए-१०४ : गादी नेताना नोंदवहीत सही करावी, हे मी पूर्वीही कळवले होते.

डी-४०१ (सिस्टर) : आधी टाच पाहा. लाल जागा बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभरही पांढरी पडत नसेल, तर दाबाने होणाऱ्या जखमेची ती सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली लपते, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, तेही पाहावे. टाचेच्या हाडावर मांस जवळजवळ नसल्यामुळे हवेच्या गादीवरही तिच्यावर दाब राहतोच; त्यापेक्षा पोटरीखाली उशी लांबीच्या दिशेने अशी ठेवावी, की गुडघा किंचित वाकेल आणि टाच अधांतरी राहील.

ए-५०२ : आपल्या लिफ्टसारखी अधांतरी? 😄

सचिव : लिफ्टचा विषय सभेत झालेला आहे.

ए-१०४ : लिफ्ट राहू द्या. नोंदवहीत सही कोणाचीच नाही.

बी-३०२ : सिस्टर, जागा पांढरी पडत नाही. सांभाळणाऱ्या मावशी रोज तिथे तेल चोळतात, ते चालू ठेवावे का?

डी-४०१ (सिस्टर) : लाल जागा मुळीच चोळू नये. टाचेखाली फडक्याची चुंबळही नको, कारण तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा अडवतो.

ए-३०१ : आमच्या आईंना चुंबळीनेच आराम पडला होता. ते सर्वांसमोर चुकीचे ठरवण्याची आवश्यकता नव्हती.

डी-४०१ (सिस्टर) : ताई, पूर्वी रुग्णालयांतही चुंबळ वापरत असत, आता वापरू नये असे सांगतात. बी-३०२, सासूबाईंना मधुमेह असल्याने वेदना जाणवेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना आजच दाखवून पायातील रक्तप्रवाहही तपासून घ्या. फोड आल्यास तो फोडू नका.

ए-१०४ : गादी हस्तांतरित झाल्यास दोघांच्याही सह्या लागतील.

सी-२०१ : ती सध्या हलणार नाही, हवी तर आमच्याकडची जादा उशी पाठवतो. सिस्टर, उशी असूनही बाबांच्या टाचा चादरीवर घासतात, त्याला काय करावे?

डी-४०१ (सिस्टर) : जेवणाची वेळ सोडून पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका, नाहीतर शरीर खाली घसरते. वर घेताना ओढू नका. खालच्या आडव्या चादरीला दोघांनी धरून उचला.