पंप उतरवण्याआधी हवा शोधा

दादा, सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होते, आंबा घाटात आचके देत बंद पडते, आणि मेकॅनिक थेट डिझेल पंप उतरवा म्हणतोय? इतक्यात नको. खर्च मोठा आहे.

खटकन बंद पडली असती तर पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर बघा म्हटलं असतं. आचके म्हणजे डिझेल कमी पडतंय. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, मग गार इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग तपासा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले की हवा शिरतेय हे पक्कं, आता चोर शोधा. बहुतेक वेळा तो इंजेक्टरवरच्या, उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्यांत नाहीतर फिल्टरवरच्या हातपंपाच्या रबरात असतो. किरकोळ काम. बुडबुडे नसले तर फिल्टर बदला. आधी खालचा स्क्रू सैल करून पाणी काढून बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते साचतंच.

सेल्फ जड फिरत असेल तर बॅटरी बदलण्याआधी तिची अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणारी पट्टी, सोडवून टोकं घासा. खाऱ्या वाऱ्याने ती आतून खाल्लेली असते, वरून मात्र ठणठणीत.