मुंबईच्या फ्लॅटमध्ये फेनेक कोल्हा पाळता येईल का?

प्रश्न – सातवा_मजला
मुलुंडला टू बीएचके, बाल्कनीला ग्रिल. फेनेकचं पिल्लू मिळतंय. विकणारा म्हणतो, "परदेशी जनावर आहे, आपला कायदा लागत नाही, बिल पुरे." खरं का? जागा, खाणं, लस यांचा हिशोबही सांगा. आणि हे नाहीच जमलं, तर खाडीकडच्या कोल्ह्याचं पिल्लू चालेल का?

खारफुटी
शेवटच्या प्रश्नाचं आधी: नाही. भांडुप-विक्रोळीच्या खारफुटीत दिसतो तो सोनेरी कोल्हा, म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे आपलं खोकड, ते देशावरच्या माळरानातलं. नावांच्या या घोळातच निम्मे व्यवहार होतात. दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं, दंड किमान २५ हजार. पिल्लू कसंही हाती आलं तरी ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

आता फेनेक. तो साइट्सच्या (वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि त्या दुरुस्तीने साइट्समधल्या जाती आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या. म्हणजे "कायदा लागत नाही" ही थाप. विकणाऱ्याकडे मागायचं ते हे: निघालेल्या देशाचा साइट्स परवाना, डीजीएफटीचं (परदेश व्यापार महासंचालनालय) आयात लायसन्स आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी, तीही त्याच जनावराची. हस्तांतर झालं की तुमच्या नावाची नोंदही करावी लागते. नुसतं जीएसटीचं बिल दाखवत असेल तर तिथूनच परत फिरा.

वाळू_आणि_वजन
कागद असले तरी फ्लॅटमध्ये अडतं ते खणण्यावर. फेनेक वाळवंटी, रात्री जागा, सतत उकरणारा. उकरायला मिळालं नाही की सोफ्याची गादी, दाराची चौकट, कुंड्या. वाळूची पेटी करू म्हणाल, तर गणित करा: ४ × ४ फूट, १ फूट खोल म्हणजे साधारण ०.४५ घनमीटर, कोरडी वाळू ७०० किलोच्या वर. चौरस मीटरला जवळपास ४८० किलो. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या भारासाठी डिझाइन करतात. पावसाळ्यात वाळू ओली राहिली की भार आणखी वाढतो, वर बुरशी.

ग्रिलही निरुपयोगी. मोठा फेनेकसुद्धा दीड किलोच्या आतबाहेर, ४ इंचांच्या फटीतून सहज जातो. १ इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची जाळी) जमिनीपासून छतापर्यंत लागते, आणि दाराला दुहेरी कडी.

वासाबद्दल विक्रेते बोलतच नाहीत. शेपटीच्या वरच्या बाजूला मुळाजवळ गंधग्रंथी असते, शिवाय मूत्राने खुणा करणं. नसबंदीने कमी होतं, जात नाही.

दात_आणि_डोस
खाण्यात फसतात ते दूध-भात आणि पोळीवर. किडे, अंडं, मांस हा पाया. टॉरीन (एक गरजेचं अमिनो आम्ल) भरपूर असलेलं मांजरांचं खाद्य जोडीला चालतं, फळं थोडीच.

लसीचं मात्र नीट वाचा. कुत्र्यांच्या नेहमीच्या एकत्रित लशीत डिस्टेंपरचा (कुत्र्या-कोल्ह्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो, आणि फॉक्सच्या काही जातींत लशीनेच डिस्टेंपर झाल्याच्या नोंदी आहेत. रेबीजची लस मृत विषाणूचीच हवी. विदेशी प्राणी नियमित बघणारा पशुवैद्य आधी गाठा, जनावर नंतर.

सातवा_मजला
फेनेकचा विषय संपला. पण खाडीकाठी पिल्लू एकटं दिसलं तर?

खारफुटी
बहुतेक वेळा ते टाकलेलं नसतं. मादी पिल्लं एकेक करून हलवते. लांबून लक्ष ठेवा, कुत्री हुसकवा, वनविभागाच्या १९२६ वर कळवा. जखमी असेल आणि त्यांनी सांगितलं तरच जाड टॉवेल टाकून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. गाईचं दूध पाजू नका, जुलाब लागतात.

चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका. त्याच दिवशी पालिका रुग्णालयात जा आणि "जंगली प्राणी चावला" असंच सांगा, म्हणजे लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) देतील. स्नायूतली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडलेला आहे, त्यामुळे पिल्लू लहान आहे म्हणून डोस चुकवू नका.