मदत हवी आहे: खरेदी नियमावलीतील न्यूनतम दराच्या अटीला पर्याय काय सुचवावा?

निविदावाचक
राज्याच्या खरेदी नियमावलीबद्दल आमच्या संघटनेला सोमवारपर्यंत लेखी सूचना द्यायच्या आहेत. न्यूनतम दराची निविदाच स्वीकारण्याच्या अटीमुळे कामाचा दर्जा ढासळतो. पण अट काढावी, तर अधिकाऱ्यांच्या मर्जीला मोकळे रान मिळते. मसुदा येथेच अडला आहे. नेमकी कोणती तरतूद मागावी?

हिशेबनीस
खरेदी वस्तूंची आहे की सेवांची? आपल्या राज्यात स्वतंत्र कायदा आहे का? तमिळनाडूत १९९८चा, कर्नाटकात १९९९चा आणि राजस्थानात २०१२चा कायदा आहे. जेथे सारे शासन निर्णयांवरच चालते, तेथे मागणीची भाषा निराळी असावी लागते.

औषधभांडार
तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाची पद्धत सुचवा. तेथे तांत्रिक आणि दराचा असे दोन लिफाफे घेतात व औषधांच्या प्रत्येक बॅचचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासतात, म्हणून न्यूनतम दरातही दर्जा टिकतो.

जुना पुरवठादार
मूळ दुखणे थकलेल्या देयकांचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. माझे देयक चौदा महिने अडले, तरी मी व्याज मागू शकलो नाही, कारण पुढची निविदा त्याच कार्यालयात भरायची होती. न मागता व्याज मिळावे, हे आधी लिहा.

निविदावाचक
खरेदी रुग्णालयांच्या स्वच्छतासेवेची आहे, कायदा नाही. किमान वेतन ठरलेले असल्याने सर्वांचे दर सारखेच येतात आणि कंत्राट सोडतीने दिले जाते.

औषधभांडार
तरीही नमुना तपासणी हवीच.

हिशेबनीस
झाडलेल्या फरशीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये अशा सेवांसाठी काही अटींवर निविदेच्या एकूण गुणांत दर्जाला कमाल ३० टक्के भार देण्याची मुभा दिली. ती राज्यांना बंधनकारक नसली, तरी आधार म्हणून दाखवता येईल. मर्जीला आळा घालायचा, तर गुणांचे निकष निविदेतच छापावेत आणि प्रत्येकाचे गुण कारणांसह दराचे लिफाफे उघडण्यापूर्वीच जाहीर करावेत, अशी अट घाला.

निविदावाचक
आभारी आहे, गुण आधी जाहीर करण्याची तरतूद मसुद्यात घेतो. मात्र गुण देणाऱ्या समितीत सेवा घेणारे रुग्णालयच असावे का?

जुना पुरवठादार
असावे, पण देयक मंजूर करणारा अधिकारी त्यात नसावा.