नारळ पडला आणि छाती धडधडली

ॲड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर रक्तात येणारं संप्रेरक, पेशीत शिरतच नाही, मग एवढंसं असून काळीज कसं धडधडवतं, असा प्रश्न पडतो. परवा फोंड्याला आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, हातभर अंतरावर नारळ आदळला तेव्हा हेच अनुभवलं. ॲड्रेनलिन बाहेरूनच पेशीपटलावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ग्राहीचा आकार बदलतो, आतली जी-प्रथिनं (संदेश पुढे नेणारी प्रथिनं) जागी होतात आणि ती ज्या विकराला (एन्झाइमला) चेतवतात, तो एटीपी या पेशीतल्या ऊर्जा-रेणूपासून सीएएमपी या आतल्या निरोप्याचे रेणू भराभर बनवत सुटतो. संदेशाची खरी वाढ होते ती इथे, आणि या सीएएमपीमुळेच हृदय जोरात धडधडतं! सीएएमपीचा हा दुवा अर्ल सदरलँड यांनी शोधला. १९७१ चं नोबेल त्यांचं. शिवाय फॉस्फोडायएस्टरेज हे दुसरं विकर सीएएमपी सतत मोडत असतं, म्हणून तर पाटाच्या कडेला जरा टेकल्यावर माझी छाती निवली.