गुळवेल "साइड इफेक्ट शून्य" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

अनघा_डोंबिवली: काल इथे एकाने लिहिलंय, "गुळवेल म्हणजे अमृता, रोज उपाशीपोटी काढा घ्या, साइड इफेक्ट शून्य, घरात थायरॉइडवाले असतील त्यांना आधी द्या." वाचून राहवलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या आईने सोसायटीच्या कंपाउंडवरची वेल आणून रोज बोटभर कांडी ठेचून लवंग-दालचिनी घालून उकळून दीड महिना प्यायली. तिला थायरॉइड आहे. आधी भूक गेली, आम्हाला वाटलं पित्त, मग डोळे पिवळे. बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारा आकडा) 14, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतं ते) हजाराच्या घरात, कावीळीच्या व्हायरसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीनदा विचारलं काही औषध घेता का, आई तीनदा नाही म्हणाली, कारण काढा हे तिच्या लेखी औषधच नव्हतं!

वैद्य_साताऱ्याचा: ताई, आईंना त्रास झाला त्याचं वाईट वाटलं, पण कंपाउंडवरची वेल गुळवेलच होती हे कुणी ठरवलं? आयुष मंत्रालयाने 2021 लाच सांगितलं होतं की टिनोस्पोरा क्रिस्पाशी, म्हणजे गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी, गल्लत होते. एका अनुभवावरून गुडूचीला, म्हणजे गुळवेलीला, बदनाम करू नका. पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसने लिव्हर जातं, त्यावर कधी धागा काढलात?

मंदार_के: पॅरासिटामॉलच्या पाकिटावर डोस छापलेला असतो हो. आणि एकच अनुभव नाहीये. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये सहा पेशंट नोंदवले, 2022 मध्ये 13 सेंटर्सनी मिळून 43. बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र होतं, म्हणजे इम्युनिटी वाढवायला घेतलं आणि तीच लिव्हरवर उलटली.

निफाडकर: कडुनिंबावर चढलेलीच घ्यावी, आमच्याकडे म्हाताऱ्यांनी कधी दुसरी घेतली नाही. पान हृदयासारखं, गुळगुळीत, खोडाची साल पापुद्र्यासारखी सुटते, वरून मुळं दोऱ्यासारखी लोंबतात, कांडी आडवी कापली की चाकाच्या आऱ्या दिसतात. खोडावर चामखिळीसारखे फोड असले तर हात लावू नका, ती क्रिस्पा. पान लवदार असलं तर तीही वेगळी.

मंदार_के: आमच्या बाजारात "निंबगिलोय", म्हणजे कडुनिंबावरची गुळवेल, म्हणून दुप्पट भावाने विकतात, विकणाऱ्याला विचारलं कुठल्या झाडावरची, तर म्हणाला झाडावरचीच आहे साहेब. आता शहरातल्या माणसाने काय करायचं?

निफाडकर: मग ओळखत नाही तर घेऊ नका ना! तुम्हा शहरवाल्यांना सगळं पाकिटात पाहिजे आणि वर झाडाला दोष. आमच्या आज्याने ताप आला की कांडी घेतली, दोन-तीन दिवस, ताप उतरला की बंद. वर्षभर चहासारखी कोण पितं?

अनघा_डोंबिवली: दादा, तुम्ही चिडून का होईना माझंच म्हणणं मांडलंत. तुमच्या आजोबांना कधी थांबायचं ते माहीत होतं. माझ्या आईला फक्त फॉरवर्ड आला होता, त्यात किती दिवस ते नव्हतं. आणि वैद्यराज, वेल दुसरी होती असं धरलं तरी ती तिने गुळवेल समजूनच प्यायली ना, मग "शून्य" म्हणायचा अधिकार कुणाला?

वैद्य_साताऱ्याचा: माझ्याकडे येणाऱ्याला मी मात्रा, दिवस, पथ्य सगळं लिहून देतो. व्हॉट्सअॅपच्या काढ्याचं खापर आयुर्वेदावर फोडणं मला सहन होत नाही, 25 वर्षं हेच काम करतोय. थायरॉइडवाल्यांना आधी द्या हे वाक्य मात्र बेजबाबदार आहे, तेवढं मान्य. बाकी तुमचं काही पटलेलं नाही.

अनघा_डोंबिवली: तेवढंच कालच्या पोस्टखाली लिहा, तिथे लोक अजून डोस विचारतायत.

सह्याद्री_77: ती पोस्ट माझी होती. थायरॉइडची ओळ काढली. पण मी स्वतः 4 वर्षं रोज घेतोय, ठणठणीत आहे.

अनघा_डोंबिवली: शेवटची एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, कधी केली होतीत?

सह्याद्री_77: कधीच नाही.