अस्सल विंडोज ७ ला ‘नॉट जेन्युइन’ म्हणतंय. फॉरमॅट न करता उपाय सुचवा

पत्रिकावाली
नमस्कार. माझं लग्नपत्रिका नि बिलबुकांच्या टाइपसेटिंगचं छोटं दुकान आहे. विंडोज ७ चा पीसी, २०१२ साली बिलासकट घेतलेला. कॅबिनेटवरचा की (विंडोजचा लायसन्स क्रमांक) छापलेला स्टिकर अजून शाबूत आहे. मागच्या आठवड्यात एका तंत्रज्ञाने व्हायरस काढला आणि ‘ड्राइव्ह लॉक करून दिलाय’ म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून डेस्कटॉप काळाकुट्ट आणि उजवीकडे खाली ‘धिस कॉपी ऑफ विंडोज इज नॉट जेन्युइन’. आता तोच म्हणतो फॉरमॅट मारू, नवीन की घ्या. जुने फॉन्ट, गिऱ्हाइकांची दहा वर्षांची कामं सगळी यातच आहेत. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना ते वाक्य दिसलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. काय करू?

साताऱ्याचा_संगणकवाला
ताई, फॉरमॅट करू देऊ नका. ‘ड्राइव्ह लॉक केला’ म्हणजे त्याने परवानग्या (कुठल्या खात्याने कुठल्या फाइली उघडायच्या ते) बदलल्या असणार. आधी खात्री करा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. त्यात लायसन्सची माहिती दाखवणारी आज्ञा द्या: ‘एसएलएमजीआर’, एक जागा सोडून ‘/डीएलव्ही’ (अक्षरं अर्थात इंग्रजीत). काय येतं ते इथे लिहा.

पत्रिकावाली
०एक्स८००७०००५, ॲक्सेस डिनाइड. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडलं होतं.

साताऱ्याचा_संगणकवाला
मग तुमची की ठीक असण्याचीच शक्यता जास्त. की ब्लॉक झाली असती तर ॲक्टिव्हेट करताना ०एक्ससी००४सी००३ आला असता. तुमचा हा शेवटी पाच असलेला आकडा म्हणजे ‘मला दार उघडता येत नाही’.

लायसन्स तपासणारी सर्व्हिस तुमच्या नावाने चालत नाही. ती ‘नेटवर्क सर्व्हिस’ नावाच्या वेगळ्या खात्यावर चालते. म्हणून तुम्ही ॲडमिन असलात तरी तिला काही फरक पडत नाही. सातबारा कपाटात आहे, पण तलाठ्याकडे किल्लीच नाही, तसं. तिला कागद वाचता आले नाहीत की ती सरळ ‘नॉट जेन्युइन’ म्हणून मोकळी होते.

आधी रीस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतण्याची सोय) बनवा, तो टाळू नका. मग रेजएडिट (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांची नोंदवही) उघडून एचकी यूझर्समध्ये ‘एस-१-५-२०’ शोधा. नेटवर्क सर्व्हिसचा ओळख क्रमांक तो. त्यावर राइट क्लिक, परमिशन्स. यादीत ‘नेटवर्क सर्व्हिस’ नसेल तर ॲड करा, नाव टाइप करून चेक नेम्स दाबा, फुल कंट्रोल आणि रीड दोन्हींवर टिक. रीस्टार्ट.

फुकटात_होतं
एवढं कशाला? सी ड्राइव्हला ‘एव्हरीवन’ फुल कंट्रोल द्या, विषय संपला.

साताऱ्याचा_संगणकवाला
कृपा करून हे कुणी करू नका. असं केलंत तर उद्या येणारा कुठलाही व्हायरस सिस्टिम फाइलींत हात घालेल. ज्या खात्याला लागते त्यालाच, लागते तेवढ्याच जागेवर परवानगी द्यायची. तसंच ‘लोडर’ नावाचे क्रॅकही (लायसन्स तपासणीला फसवणारे प्रोग्रॅम) टाकू नका. स्वतःचं लायसन्स असताना ते कशासाठी?

नागपूर_ऑफिस_आयटी
दादांशी सहमत. एक भर: ऑफिसच्या डोमेनवरचा (एकाच सर्व्हरवरून सांभाळलेल्या नेटवर्कवरचा) पीसी असेल तर ‘प्लग अँड प्ले’ सर्व्हिसवर लावलेल्या ग्रुप पॉलिसीमुळेही (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागणाऱ्या नियमामुळेही) हेच होतं. तिथे पॉलिसी न सुधारता हाताने दुरुस्त केलं तर त्रास परत येतो. ताईंच्या दुकानातल्या पीसीला हे लागू नाही.

पत्रिकावाली
यादीत सिस्टिम होतं, ॲडमिनिस्ट्रेटर्स होतं, नेटवर्क सर्व्हिसची ओळच नव्हती! घातली. रीस्टार्टनंतर ॲक्सेस डिनाइड गेलं, पण डेस्कटॉप काळाच आणि टोकन्स फाइलबद्दल एरर येतोय.

साताऱ्याचा_संगणकवाला
म्हणजे फोल्डरवरची परवानगीही उडवलीय. सी ड्राइव्ह, विंडोज, सर्व्हिसप्रोफाइल्स, नेटवर्कसर्व्हिस, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, सॉफ्टवेअरप्रोटेक्शनप्लॅटफॉर्म. तिथे टोकन्स.डॅट ही लायसन्सची नोंद ठेवणारी फाइल असते. वाटेतले फोल्डर लपलेले असतील, आधी ‘शो हिडन फाइल्स’ करा. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि नेटवर्क सर्व्हिसला पुन्हा फुल कंट्रोल. फाइल डिलीट करू नका. मग सीएमडीत ‘एसएलएमजीआर /एटीओ’, म्हणजे विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट होईल.

आणि जानेवारी २०२० पासून ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद आहेत. काम झालं की इंटरनेटची वायर काढून ठेवा, आणि फॉन्ट व कामं आजच बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

पत्रिकावाली
‘प्रॉडक्ट ॲक्टिव्हेटेड सक्सेसफुली’! ते वाक्य गेलं. सगळ्यांचे मनापासून आभार, दादा तुमचे विशेष. डिस्कवर कॉपी लावलीय, ४० टक्के झालीय. झाली की वायर काढते.